तळ्याची डागडुजी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘तळ्याची डागडुजी’ असे सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. कामगार चळवळीत आयुष्य काढलेला माणूस गिरण्यांवर बोलेल, संपांवर बोलेल, फार तर कायद्यांवर बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. शिवाय मी इतिहासाचा पंडित नव्हे. ज्या शिलालेखांचा आज उल्लेख करणार आहे ते मी मूळ ब्राह्मी लिपीत वाचलेले नाहीत. विद्वानांनी लावलेली वाचने आणि त्यांचे अर्थ वाचनालयाच्या बाकावर बसून उतरून घेतले, एवढेच. ही कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल.

विषय सुचला तो मळवलीत, एका बंगल्याच्या परसात. मळवलीच्या स्टेशनावर उतरले की एका अंगाला कार्ल्याचा डोंगर दिसतो, दुसऱ्या अंगाला भाज्याची लेणी, आणि त्यांच्या डोक्यावर लोहगड-विसापूरची जोडी. मधल्या भातखाचरांतून २००२ साली पुरा झालेला मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग गेला, आणि त्याच्या मागोमाग मुंबईकरांचे बंगले आले. बंगल्याला हिरवळ हवी, आणि हिरवळीच्या कडेला जमिनीत खोदलेला पोहण्याचा तलाव हवा. या तलावांना आपल्याकडे सगळे ‘टाकी’च म्हणतात, गवंडीही आणि गुरे वळणारी पोरेही. काही तलाव महामार्गाच्याही आधीचे आहेत. काँक्रीट काही अमर नसते. फरशा सुटतात, गिलावा पोकळ वाजू लागतो, नळ गंजतात, आणि रात्रीत दोन-दोन बोटे पाणी कुठे जाते ते कळेनासे होते. मग मालक ठेकेदाराला बोलावतो, ठेकेदार मुकादमाला, आणि मुकादम आठ माणसे घेऊन खड्ड्यात उतरतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक तलाव दुरुस्तीला काढला होता. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. एका टोकाला चार फूट खोल, दुसऱ्या टोकाला सात. काम वैशाखात सुरू व्हायचे ते फरशीचा रंग दोनदा बदलल्याने ज्येष्ठात सुरू झाले. पाणी उपसले, जुन्या फरशा काढल्या, छिन्नी-हातोड्याने गिलावा टवकारला, भेगा मोकळ्या करून धुतल्या. एवढ्यात पाऊस लागला. मावळचा पाऊस आपणांस सांगायला नको. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि मळवली तिथून हाकेच्या अंतरावर. आषाढातल्या एका रात्री तो असा कोसळला की सकाळी माणसे कामावर आली तेव्हा तलावाचा खोलीकडचा तळ वीतभर वर उचलला गेला होता. भिंतींना कोपऱ्यांतून आरपार तडे गेले होते. कुणी सुरुंग लावावा तसा तो देखावा होता.

ठेकेदाराने निकाल तिथेच दिला. “तुम्ही हातोडे घातले, तळ खिळखिळा केलात, नुकसान तुमच्यामुळे झाले.” एकोणीस दिवसांची मजुरी त्याने अडवली. आठ माणसे आणि त्यांचा मुकादम आमच्या युनियनच्या कचेरीत आली. मुकादम जुना माणूस, वडार समाजातला. दगडाचा हात त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा. तो एवढेच म्हणाला, “पानी खालनं आलं, दादा. वरनं आमी काय करनार?”

मला त्या वेळी त्याचे म्हणणे कळले नाही. तळ्यातले पाणी खाली जाते हे मला ठाऊक होते. खालून येऊन ते तळ वर कसा उचलील? परंतु मजुरी बुडाली होती हे कळत होते. तळे फुटले म्हणजे दोष कुणाचा, आणि ते परत नीट करण्याचा खर्च कुणी सोसायचा? त्या आठ माणसांचा प्रश्न हाच होता. मी तो घेऊन वाचनालयात गेलो, आणि पाहतो तो प्रश्न दोन हजार वर्षांचा जुना निघाला.

काठेवाडात गिरनारच्या पायथ्याशी एक प्रचंड खडक आहे. त्यावर अशोकाचे लेख आहेत, आणि त्याच खडकावर क्षत्रप रुद्रदामन्‌चा संस्कृत लेख आहे, इसवी सन १५० च्या सुमाराचा. हा लेख म्हणजे खरोखर एका तलावाच्या दुरुस्तीचा दाखला आहे. सुदर्शन त्या तलावाचे नाव. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने तो बांधवला, अशोकाच्या काळी तुषास्फ नावाच्या यवनाने त्याला पाट काढले. पुढे मार्गशीर्षातल्या एका वादळात नद्यांना पूर येऊन बांध फुटला. खिंडार किती? चारशे वीस हात लांब, तेवढेच रुंद आणि पंचाहत्तर हात खोल. सारे पाणी निघून गेले. राजाच्या मंत्र्यांनी दुरुस्तीला विरोध केला. खिंडार फार मोठे, हे होणे नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रजेने आशा सोडून आक्रोश मांडला. तेव्हा सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने काम अंगावर घेतले आणि बांध पहिल्यापेक्षा मजबूत करून दाखवला.

इथपर्यंत कोणत्याही राजाचा लेख सांगेल. पण त्यापुढे एक वाक्य आहे आणि त्याच्यासाठी मी हा लेख तीन वेळा वाचला. हे काम नगरवासी आणि ग्रामवासी प्रजेला कर, विष्टी आणि प्रणय यांचा जाच न देता, स्वतःच्या कोशातील धन खर्चून केले, असे राजा सांगतो. विष्टी म्हणजे वेठ. प्रणय म्हणजे नावाला प्रेमाने दिलेली, प्रत्यक्षात उकळलेली वर्गणी. आता राजा बोलतो ते सारेच खरे धरावे असा माझा आग्रह नाही. मालकांचे वार्षिक अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. परंतु फुशारकीतूनही काही कळते. वेठ लावली नाही हे ज्या काळी मिरवावेसे वाटले, त्या काळी तळ्याच्या दुरुस्तीला वेठ लावणे हीच चाल असली पाहिजे. एरवी न केलेल्या गोष्टीचा डांगोरा कोण पिटतो? त्याच खडकावर तिसरा लेख गुप्तांच्या काळचा आहे. सुमारे तीनशे वर्षांनी, स्कंदगुप्ताच्या अमदानीत, तो बांध पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने पुन्हा बांधला.

कौटिल्याचे अर्थशास्त्र या बाबतीत अधिक रोकडे आहे. नवे तळे किंवा बांध घालणाऱ्यास पाच वर्षे करमाफी, मोडके-टाकलेले नीट करणाऱ्यास चार वर्षे, आणि झाडाझुडपांनी भरलेले साफ करणाऱ्यास तीन वर्षे. म्हणजे दुरुस्तीचे मोल नव्या बांधकामाच्या खालोखाल धरले आहे, फार खाली नाही. आजच्या अंदाजपत्रकांत नव्या कामाला नारळ फुटतो आणि दुरुस्तीला शेरा मिळतो, ‘निधी उपलब्ध झाल्यावर’.

आता आपल्या घराकडे येऊ. भाज्याची लेणी मळवली स्टेशनापासून पायी अर्ध्या तासाची. तिथे जाणारे बहुतेक लोक चैत्यगृह पाहतात, सूर्यगुंफेतली शिल्पे पाहतात, पावसाळ्यात धबधब्याखाली भिजतात आणि परततात. कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी कुणी थांबत नाही. त्यांना त्या काळी ‘पोढी’ म्हणत. एका पोढीवर लेख आहे, आणि तो सांगतो की ही पोढी महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याने दिली. बस्‌, एवढेच. पलीकडे बेडश्याच्या लेण्यांतही पोढीवर एका स्त्रीचे नाव आहे: महारठिनी सामडिनिका. मावळच्या मातीत सापडणाऱ्या अगदी जुन्या नावांपैकी ही दोन, आणि दोन्ही पाण्याच्या टाक्यांवर कोरलेली आहेत. मला ही गोष्ट मोठी गोड वाटते.

पोढीची रचना नीट पाहिली तर आजचा इंजिनिअर मान डोलावील. तोंड लहान, पोट मोठे. टाके आत, कातळाच्या छायेत पसरलेले, म्हणजे उन्हाने पाणी आटत नाही. डोंगराच्या अंगावरून येणारे पावसाचे पाणी कोरलेल्या पन्हळींनी आणलेले. गिलावा नाही, फरशी नाही; सह्याद्रीचा काळा बेसाल्ट हीच भिंत आणि हाच तळ. जिथे कातळात चीर नाही अशी जागा हेरणे, हे त्या पाथरवटाचे खरे कसब. बेसाल्टच्या थरांत कुठे मांजऱ्या दगड असतो, कुठे पोकळ्या असतात. चुकीच्या जागी महिनोन्‌महिने छिन्नी चालवली तर हाती गळके टाके येई. दात्याचे नाव राहिले, पाथरवटाचे राहिले नाही. परंतु हे गाऱ्हाणे मी आज वाढवत नाही, कारण नाशिकच्या लेण्यांत मला त्याचे थोडे उत्तर मिळाले.

नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीतला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम कायमची ठेव म्हणून ठेवली. तिला अक्षयनीवी म्हणत: मुद्दल हलवायचे नाही, व्याजातून खर्च चालवायचा. ही ठेव कुणाकडे ठेवली? राजाच्या खजिन्यात नाही, सावकाराकडे नाही, कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यांत एक श्रेणी तेल्यांची आहे, आणि एक आहे ‘ओदयंत्रिकां’ची. उदकाचे यंत्र चालवणारे, पाण्याची कामे करणारे, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. त्यांच्याकडे दोन हजार कार्षापण ठेवले. मी हे वाचले त्या दिवशी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. पाण्याचे काम करणाऱ्यांची संघटना, आणि तिची पत एवढी की पैसा तिच्या हाती अक्षय राहील असा लोकांना भरवसा! मी आमच्या पिंपरी-चिंचवडच्या सभांतून हे सांगतो तेव्हा तरुण कामगार हसतात. त्यांना वाटते, दादा आज रंगात आले आहेत.

दुरुस्तीसाठी वेगळा पैसा हवा, हे जाणणारे लोकही होते. पुढच्या शतकांतील दानलेखांत ‘खंडस्फुटितप्रतिसंस्कार’ असा एक शब्द वारंवार येतो. तुटलेले-फुटलेले नीट करणे, असा त्याचा साधा अर्थ. देऊळ किंवा विहार बांधून देतानाच, पुढे तो फुटेल तेव्हाची तरतूद दाता करून ठेवी. बंगला बांधताना ही तरतूद केलेला मालक मला अजून भेटायचा आहे.

भाज्याच्या वर लोहगड. गडावर कातळातली टाकी आहेत तशीच उत्तर पेशवाईतली बांधीव तळीही आहेत. सोळा कोनांचे मोठे तळे नाना फडणिसांच्या नावाने ओळखले जाते. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत लोहगड आहे. बांधीव तळे म्हटले की चुना आला, आणि चुना आला की घाणी आली. दगडी चाक, खाली गोल चर, आणि चाक ओढणारा बैल. भाजलेला चुना भिजवून, वाळू घालून दिवसच्या दिवस मळायचा. घाईने मळलेला चुना तळ्यात टिकत नाही. आजच्या सिमेंटाची गत वेगळी नाही, फक्त तिथे घाई भिजवण्यात होते. गिलावा झाल्यावर तो दिवसांमागून दिवस ओला ठेवावा लागतो, नाहीतर बारीक भेगांचे जाळे पडते. वेळ देणे हेच जलबंद कामाचे अर्धे रहस्य आहे. मोहेंजोदडोचे स्नानगृह घ्या. जवळजवळ बारा मीटर लांब, सात रुंद आणि अडीच खोल. विटा काठावर उभ्या करून जिप्समच्या गाऱ्यात बसवल्या आहेत, आणि त्यांच्या पाठीमागे डांबराचा थर आहे. एका कोपऱ्यात पाणी काढून टाकण्यासाठी मोठी मोरी. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: पाणी आत कोंडायचे असेल तर ते बाहेर जाण्याची वाटही आपणच ठेवली पाहिजे.

आता थोडे वेगळे बोलतो, कारण ते टाळून तळ्यांचा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तळे खोदणारा आणि तळ्याचे पाणी पिणारा, हे आपल्या देशात एकच नव्हते. गाळ काढायला ज्यांचे हात चालत, त्यांच्या घागरी काठाला चालत नसत. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तेव्हा पुण्यात कात्रजच्या पाण्यावर चालणारे पेशवेकालीन हौद होतेच, पण ते सर्वांचे नव्हते. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? तळ्याची ‘शुद्धी’ केली. एकशे आठ घागरी पाणी काढले, त्यात पंचगव्य मिसळले, मंत्र म्हटले आणि ते परत तळ्यात ओतले. माझ्या माहितीतली तळ्याची ही सर्वांत खोटी दुरुस्ती. तळ्याला भेग नव्हती. न्यायालयातला झगडा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. पोहण्याच्या तलावांचीही हीच कथा, फक्त सोवळे विलायती. मुंबईच्या ब्रीच कँडीचा तलाव युरोपियनांसाठी राखीव होता, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे तो तसाच राहिला.

लोणावळ्याकडे वळतो. आज सहलीच्या गर्दीने गाजणारे भुशीचे धरण मुळात सहलीसाठी नव्हते. आगगाडीच्या इंजिनांना पाणी लागे म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने ते गेल्याच्या मागच्या शतकात बांधले. बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाट खुला झाला. पंचवीस बोगदे. भराच्या दिवसांत चाळीस हजारांवर माणसे घाटात कामाला होती. पटकीच्या साथींत किती गेली त्याची नीट गणती नाही. पहिला ठेकेदार फॅव्हिएल नावाचा इंग्रज. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून कामगारांनी दंगल केली, ठेकेदाराच्या गोऱ्या नोकरांवर धावून गेले. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर लवकरच मरण पावला, आणि त्याची विधवा अ‍ॅलिस हिने ठेका पुरा करवून घेतला. बोरघाटाच्या वर्णनांत खंडाळ्याची शोभा येते, चढण येते. थकलेल्या मजुरीचे हे पान क्वचितच येते. आपल्या भागातील मजुरीचा हा पहिला मोठा झगडा, आणि तो झाला तेव्हा देशात युनियन नावाची चीज नव्हती.

पुढे टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथे पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला सोडले, आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. त्यांच्याच मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. त्या विषयाला आजची संध्याकाळ पुरणार नाही. पुढच्या वसंतात बोलावलेत तर बोलेन.

आता माझ्या आठ माणसांकडे परत जातो.

मुकादमाचे वाक्य डोक्यात घोळत होते: पाणी खालून आले. शाळेत आर्किमिडीजचे तत्त्व शिकवतात, पण ते मुकुट आणि नावेच्या गोष्टीत अडकून राहते. मी कागद घेऊन बसलो. तलाव चाळीस बाय वीस, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ आठशे चौरस फूट. भोवतालची जमीन मुरमाची आणि भरावाची. आषाढात ती पाण्याने तुडुंब भरते. समजा, तळाच्या पातळीवर पाच फूट भूजल चढले. रिकाम्या तलावाने तेवढी जागा अडवली आहे, म्हणजे चार हजार घनफूट पाणी बाजूला सारले आहे. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस किलो धरले तर हे पाणी एकशे तेरा टनांचे. तेवढ्या जोराने ते तलावाला वर ढकलणार. आणि तलावाचे स्वतःचे वजन? सहा इंची तळ आणि सहा इंची भिंती धरल्या तर सव्वासातशे घनफुटांच्या आसपास काँक्रीट, म्हणजे पन्नास टनांच्या आतबाहेर. पन्नास टनांच्या नावेला एकशे तेरा टनांचा रेटा! तलाव भरलेला असता तर आतल्या सव्वाशे टन पाण्याने हा रेटा दाबून धरला असता. तो रिकामा होता, आणि म्हणून उचलला गेला. आठ माणसांच्या हातोड्यांचा त्यात काय संबंध?

हिशोब मी ठेकेदारापुढे ठेवला. त्याने तो वाचला, पण म्हणाला, “असे असते तर दर पावसाळ्यात तलाव उडाले असते. खाली झडप असते.” ते खरे होते. चांगल्या तलावात खोल टोकाच्या मोरीत एकतर्फी झडप बसवलेली असते. बाहेरच्या पाण्याचा जोर वाढला की ती उघडते, बाहेरचे पाणी आत घेते आणि रेटा कमी करते. मोहेंजोदडोच्या मोरीची ही चुलत बहीणच म्हणायची. मग ती झडप उघडली का नाही? ठेकेदाराचे म्हणणे, मजुरांनी तिच्यात गिलाव्याचा चुरा भरला.

ती पाहायची ठरली. मालक आले, ठेकेदार आला, मी गेलो. पाऊस उघडल्यावर पंप लावून तलाव उपसला. मुकादमाने मोरीची जाळी काढली, आत हात घातला आणि छिन्नी मागितली. चुऱ्याचा मागमूस नव्हता. झडपेच्या तोंडावर सिमेंटाचा घट्ट गोळा बसला होता, आणि त्या सिमेंटावर आधीच्या फरशीचा गाऱ्याचा जुना थर होता. म्हणजे कित्येक वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा दुरुस्तीत ती झडप गळू लागली असावी, आणि ती बदलण्याऐवजी कुणीतरी गोळा ठोकून बंद केली होती. वरून फरशी बसवली, बिल लावले, पैसे घेतले. मुकादम वर आला, हात पुसले आणि म्हणाला, “हे आमचं काम न्हाई. आमच्यातला मानूस असं करनार न्हाई.” शेवटल्या वाक्याची मला तितकी खात्री नाही. घाई लागली की कुणीही करील. पण पहिले वाक्य निर्विवाद होते.

मालकांनी मान्य केले. माणूस सरळ होता. ठेकेदाराने मान्य करायला दिवाळी आणली. एकोणीस दिवसांपैकी चौदांचे पैसे घटस्थापनेच्या आधी मिळाले, उरलेल्या पाचांचे कार्तिकात. कायद्याकडे जाण्यात अर्थ नव्हता असे नाही, पण १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी जो कायदा झाला त्याने दहा कामगारांची रेघ आखली होती, आणि इथे मुकादमासकट नऊ. ही रेघ आखणाऱ्यांना ठाऊक नसावे की अंगणातल्या खड्ड्यात दहावा माणूस मावतच नाही! छोट्या कामाचा कामगार असा नेहमी रेघेच्या एका माणसाने बाहेर राहतो.

पुढल्या वर्षी तोच तलाव त्याच माणसांनी नीट केला. या खेपेला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात झाली, कारण मुकादमाने त्याशिवाय काम घ्यायचे नाकारले. तळ फोडून काढला, खाली खडीचा थर घातला, त्यातून जाळीदार नळ टाकून तो बाहेर ओढ्याच्या बाजूला एका चौकोनी विहिरीत सोडला. म्हणजे पावसाळ्यात पाणी चढले तर तिथून पंपाने काढता यावे. नवी झडप बसवली. लोखंड बांधले, काँक्रीट ओतले आणि गोणपाट अंथरून ते एकवीस दिवस ओले ठेवले. नळांत दाबाने पाणी भरून गळती तपासली. जुन्या भिंतींवर जी पांढरी चुनखडी बसली होती ती धुवायला अ‍ॅसिड आणले, तेव्हा मी होतो. अ‍ॅसिडचा धूर हवेपेक्षा जड असतो; तो उडून जात नाही, खोल टोकाला साचतो, आणि तिथेच माणूस वाकून घासत असतो. तलाव शुद्ध करायची क्लोरीनची पूड त्यात मिसळली तर त्याहून वाईट, विषारी वायू सुटतो. ठेकेदाराने चार जोड हातमोजे आणले होते, माणसे आठ. मी बाकीचे चार येईपर्यंत काम थांबवायला सांगितले. अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची यावर पुन्हा थोडा वाद झाला, तो मालकांनी मिटवला.

तलाव भरायला टँकर लावले. शेवटल्या दिवशी हिशोब चुकता झाल्यावर मुकादम म्हणाला, जवळच आहे तर लेणी पाहून जाऊ. पोरांनी कधी पाहिली नव्हती. आम्ही दहाजण संध्याकाळच्या आत पायऱ्या चढून वर गेलो. पोरे चैत्यगृहात शिरली. मुकादम पोढीपाशी उकिडवा बसला, काठावरच्या छिन्नीच्या खुणांवरून बोट फिरवत. दिवस उन्हाळ्याचे होते, वरचे धबधबे कोरडे पडले होते, तरी आत पाणी होते. त्याने एक लहान खडा आत टाकला आणि आवाज ऐकला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “गळत न्हाई.”